सोयाबीनचा ओलावा १२ टक्के की १५? या तीन टक्क्यांत शेतकऱ्याचे किती पैसे जातात, समजून घ्या

ऑक्टोबर उजाडला की सोशल मीडियावर एक व्हिडिओ हमखास फिरतो. डांबरी रस्त्याच्या अर्ध्या भागात सोयाबीन वाळत घातलेलं असतं, कडेनं दगड रचलेले असतात आणि एखादी आजी पायानं दाणे वरखाली करत असते. खाली कमेंट ठरलेली: 'रस्ता काय यांच्या मालकीचा आहे का?'

रस्त्यावर धान्य वाळवणं धोक्याचंच आहे, त्यात वाद नाही. पण शेतकरी एवढा धोका पत्करून सोयाबीन वाळवतो कशासाठी? उत्तर एका आकड्यात आहे. १२.

सरकारी खरेदी केंद्रावर सोयाबीन घेताना दाण्यातला ओलावा जास्तीत जास्त १२ टक्के असावा, असा नियम आहे. त्याच्या वर गेला तर माल परत. बाजार समितीत माल परत येत नाही, पण भाव पडतो. किती पडायला हवा, हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं. मलाही नव्हतं.

मामांच्या दहा क्विंटलची गोष्ट

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मी मामांसोबत बाजार समितीत गेले होते. टेम्पोत दहा क्विंटल सोयाबीन होतं. व्यापाऱ्यानं पोत्यात हात घातला, मूठभर दाणे तळहातावर घेतले, एक दाणा दाताखाली धरला. 'कट्' असा आवाज आला. तरी तो म्हणाला, "ओला आहे. चार हजारानं घेतो." शेजारच्या ढिगाला त्या दिवशी साडेचार हजारांचा भाव लागला होता. म्हणजे क्विंटलमागे ५०० रुपये कमी. ओलावा किती, हे मशीन लावून कुणी मोजलं नाही. मामांनीही विचारलं नाही.

परत येताना मी म्हटलं, "मामा, अजून दोन दिवस वाळवलं असतं तर?"

मामा म्हणाले, "वाळवलं की वजन घटतं गं. इकडून गेलं काय नि तिकडून गेलं काय, सारखंच."

हे वाक्य गावागावात ऐकायला मिळतं. ते पटण्यासारखंही आहे. पण ते खरं आहे का? गणित करून बघू.

ओलावा म्हणजे नेमकं काय मोजतात?

ओलावा १५ टक्के म्हणजे १०० किलो सोयाबीनमध्ये १५ किलो पाणी आणि ८५ किलो कोरडा माल. गिरणीला तेल आणि पेंड मिळते ती या ८५ किलोतून. पाण्यातून काहीच निघत नाही. त्यामुळे जास्तीच्या पाण्याचे पैसे खरेदीदार देणार नाही, हे रास्तच आहे.

आता हाच माल १२ टक्क्यांपर्यंत वाळवला तर? कोरडा माल ८५ किलोच राहणार, फक्त पाणी उडणार. १२ टक्के ओलाव्याच्या मालात ८८ टक्के कोरडा भाग असतो. म्हणून ८५ ला ०.८८ नं भागायचं. उत्तर येतं ९६.६ किलो.

म्हणजे १५ टक्क्यांचं एक क्विंटल सोयाबीन वाळवून १२ टक्क्यांवर आणलं की साधारण ३.४ किलो वजन घटतं. हीच रीत पुढे नेली तर:

• १४ टक्के ओलावा: क्विंटलमागे घट सुमारे २.३ किलो
• १५ टक्के ओलावा: सुमारे ३.४ किलो
• १६ टक्के ओलावा: सुमारे ४.५ किलो
• १८ टक्के ओलावा: सुमारे ६.८ किलो
• २० टक्के ओलावा: सुमारे ९.१ किलो

सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे. १०० मधून तुमच्या मालाचा ओलावा वजा करा आणि ८८ नं भागा. जो आकडा येईल त्यानं कोरड्या मालाच्या भावाला गुणा. तुमच्या ओल्या मालाचा पाण्यापुरता हिशेब करून निघणारा भाव तोच.

मग ५०० रुपये कशाचे कापले?

आता मामांच्या मालाकडे येऊ. कोरड्या मालाचा भाव ४,५०० आणि मिळाले ४,०००. हे ५०० रुपये फक्त पाण्याचे असायचे तर त्या सोयाबीनमध्ये किती ओलावा असायला हवा होता? सूत्र उलटं फिरवलं की उत्तर येतं जवळपास २२ टक्के.

२२ टक्के ओलाव्याचा दाणा दाताखाली मऊ लागतो, तो 'कट्' आवाज करत फुटत नाही.

समजा, मामांच्या मालात १६ टक्के ओलावा होता. तर पाण्यापुरता हिशेब करून भाव बसतो ४,२९५ रुपये. म्हणजे क्विंटलमागे सुमारे २०५ रुपयांची कपात समजण्यासारखी होती. उरलेले २९५ रुपये पाण्याचे नव्हते.

हाच माल दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून १२ टक्क्यांवर आणला असता, तर दहा क्विंटलचे साडेनऊ क्विंटल झाले असते. पण साडेचार हजारांच्या भावानं त्याचे सुमारे ४२,९५० रुपये आले असते. हातात आले ४०,०००. 'इकडून गेलं काय नि तिकडून गेलं काय' यातला फरक जवळपास तीन हजार रुपयांचा निघाला.

व्यापाऱ्याची बाजूही समजून घ्यायला हवी. ओला माल घेतला की तो त्याला वाळवावा लागतो. त्याला जागा लागते, मजूर लागतात, मध्येच पाऊस आला तर जोखीम त्याचीच. त्यामुळे पाण्याच्या हिशेबापेक्षा थोडी जास्त कपात होणार. प्रश्न 'थोडी' म्हणजे किती हा आहे. ओलावा मोजलाच नसेल तर शेतकऱ्याकडे घासाघीस करायला आकडाच उरत नाही.

पण १२ टक्केच का?

दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो. ओलावा जास्त असला की हा श्वास वाढतो, पोत्याच्या आत उष्णता तयार होते आणि बुरशीला आयतं घर मिळतं. साठवणीतल्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिनसारखं विष तयार करतात, जे जनावरांना आणि माणसांनाही घातक आहे. सोयाबीनमध्ये साधारण १८ ते २० टक्के तेल असतं. ओलसर साठ्यात या तेलाची प्रत बिघडते, ते शुद्ध करायला गिरणीला जास्त खर्च येतो.

सरकारी खरेदीचा माल गोदामात काही महिने पडून राहतो. तो तोपर्यंत टिकावा म्हणून १२ टक्क्यांची रेघ ओढलेली आहे.

२०२४ मध्ये १५ टक्के चालतील, असं का म्हटलं गेलं?

खरीप २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारातला भाव त्याच्या बराच खाली होता. साहजिकच सगळ्यांची नजर सरकारी खरेदीकडे होती. पण परतीच्या पावसानं माल ओला होता आणि १२ टक्क्यांच्या अटीमुळे केंद्रांवरून तो परत जात होता. वरून अनेक ठिकाणी बारदान्याचा तुटवडा.

शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर, केंद्र सरकारनं त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेलं सोयाबीन घ्यायला परवानगी दिली. अट अशी होती की शेतकऱ्याला पूर्ण हमीभाव द्यायचा आणि जादा ओलाव्यामुळे होणारा तोटा राज्य सरकारनं सोसायचा.

आता वरचं गणित आठवा. १५ टक्क्यांच्या मालात क्विंटलमागे ३.४ किलो जास्तीचं पाणी. ४,८९२ रुपयांच्या हिशेबानं ते सुमारे १६७ रुपयांचं होतं. हे पैसे कुणीतरी भरणारच होतं. एरवी ते शेतकऱ्याच्या खिशातून जातात, त्या वर्षी ते सरकारनं उचलायचं ठरलं. अट शिथिल झाली म्हणून पाणी नाहीसं झालं नाही, ते फक्त दुसऱ्याच्या हिशेबात गेलं.

शिवाय ही सवलत त्या हंगामापुरती होती. त्यामुळे 'आता १५ चालतं' असं एखाद्या जुन्या पोस्टवरून गृहीत धरू नका. तुमच्या हंगामात केंद्रावर काय अट आहे, ते आधी विचारा. २०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला आणि मूळ निकष १२ टक्क्यांचाच आहे.

एफएक्यू म्हणजे काय?

हमीभाव कोणत्याही सोयाबीनला मिळत नाही, तो 'एफएक्यू' दर्जाच्या सोयाबीनला मिळतो. एफएक्यू म्हणजे फेअर अॅव्हरेज क्वालिटी, साध्या भाषेत 'बऱ्यापैकी सरासरी दर्जा'. एकदम उत्तम माल लागत नाही, पण काही मर्यादा पाळाव्या लागतात:

• ओलावा: १२ टक्क्यांपर्यंत
• माती, खडे, काडीकचरा: २ टक्क्यांपर्यंत
• अपक्व, सुरकुतलेले, हिरवट दाणे: ५ टक्क्यांपर्यंत
• मळणीत फुटलेले, चिरलेले दाणे: १५ टक्क्यांपर्यंत

याशिवाय किडलेल्या आणि डागी दाण्यांनाही मर्यादा आहे. म्हणजे ओलावा ११ टक्के असूनही कचरा ४ टक्के निघाला तर माल अडकू शकतो. खरेदी केंद्रावर चाळणी लावलेली दिसते ती यासाठीच.

यातल्या बऱ्याच गोष्टी शेतातच ठरतात. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ असतं. मळणी यंत्राचा वेग जास्त ठेवला, किंवा शेंगा फारच कडक वाळल्यावर मळणी केली, तर दाणे फुटतात. फार ओल्या असताना मळणी केली तर दाणे दबतात, आणि तो माल वाळवायचं काम वाढतं. मळणी सुरू करताना पहिल्या पोत्यातले दाणे हातात घेऊन बघा. डाळ जास्त दिसली तर मालकाला सांगून ड्रमचा वेग कमी करून घ्या. दहा पोती झाल्यावर सांगून उपयोग नाही.

घरून निघण्याआधी काय करायचं?

एक: वाळवा, पण ताडपत्रीवर. मातीवर वाळवलं तर ओलावा कमी होतो आणि माती वाढते. थर पातळ ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा हात फिरवा. संध्याकाळी झाकून ठेवा, कारण दाणा हवेतला ओलावा परत ओढून घेतो. पुढच्या वर्षी बियाणं म्हणून ठेवायचा माल वेगळा काढा आणि तो सावलीत वाळवा.

दोन: गरम माल पोत्यात भरू नका. दुपारी तापलेले दाणे लगेच भरले तर पोत्याच्या आत वाफ धरते. ढीग थंड होऊ द्या, मग भरा.

तीन: जास्तही वाळवू नका. हे कुणी सांगत नाही. १० टक्क्यांपर्यंत वाळवलेल्या सोयाबीनचं वजन १२ टक्क्यांच्या तुलनेत क्विंटलमागे जवळपास सव्वादोन किलो कमी भरतं. हमीभावाच्या खरेदीत त्याबद्दल जादा पैसे मिळत नाहीत. काही व्यापारी आणि गिरण्या मात्र १० टक्के धरूनच भाव काढतात. म्हणून माल कुठे द्यायचा ते आधी ठरवा आणि मग किती वाळवायचं ते ठरवा. भाव १० टक्क्यांवर असेल तर सूत्रात ८८ ऐवजी ९० घ्यायचे, एवढाच फरक.

चार: चाळून घ्या. दहा क्विंटलमध्ये ४ टक्के कचरा म्हणजे ४० किलो. तो भरायला पोतं लागतं, वाहून न्यायला भाडं लागतं आणि शेवटी त्यामुळेच भाव पडतो.

पाच: ओला आणि कोरडा माल एकत्र करू नका. 'चांगल्यात थोडा वाईट खपून जाईल' हा विचार उलटा पडतो. नमुना नेमका ओल्या पोत्यातून निघाला तर सगळ्या ढिगाला ओल्याचा भाव लागतो. दोन ढीग वेगळे ठेवा, वेगळे सांगा.

सहा: ओलावा घरीच मोजा. गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीकडे, बियाणं प्रक्रिया केंद्रावर किंवा गोदामात ओलावा मोजायचं मशीन बहुधा असतं. पाच-सहा जणांनी मिळून एक विकत घेतलं तरी चालतं. मशीनवर पीक 'सोयाबीन' निवडलंय का ते बघा, दुसऱ्या पिकाच्या सेटिंगवर आकडा चुकतो. उन्हात तापलेल्या दाण्यांवरही आकडा फसवा येऊ शकतो. वेगवेगळ्या पोत्यांतले दाणे मिसळून तीनदा मोजा आणि सरासरी काढा.

मशीन मिळालंच नाही तर एक ढोबळ पद्धत आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठ-दोन मूठ दाणे आणि चमचाभर एकदम कोरडं मीठ घाला. झाकण लावून काही मिनिटं हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे असं समजा. चिकटलं नाही म्हणजे १२ टक्केच असेल असं नाही, पण फार ओला माल टेम्पोत भरण्याची चूक टळते.

सात: नमुना बाजूला ठेवा. सगळ्या पोत्यांतून थोडे थोडे दाणे घेऊन किलोभराची हवाबंद पिशवी घरी ठेवा. पुढे वाद झाला तर दाखवायला काहीतरी असतं.

केंद्रावर किंवा बाजारात गेल्यावर

हमीभावानं विकायचं असेल तर आधी ऑनलाइन नोंदणी लागते. आधार, बँक पासबुक आणि पीक नोंद असलेला सातबारा. ई-पीक पाहणीत सोयाबीनची नोंद राहून गेली असेल तर इथेच गाडी अडते. नोंदणीनंतर मेसेज येतो, त्यात दिलेल्या तारखेलाच माल न्यायचा. नाफेड आणि एनसीसीएफ या केंद्रीय संस्थांसाठी राज्यातल्या संस्था ही खरेदी करतात आणि पैसे थेट बँक खात्यात येतात.

नमुना काढताना तिथे उभे राहा. नळी फक्त वरच्या एका पोत्यात टोचली जात असेल तर "तीन-चार पोत्यांतून घ्या" असं सांगा. मशीनवरचा आकडा स्वतः बघा, मोबाइलमध्ये फोटो काढा. आकडा १२ च्या थोडाच वर आला तर पुन्हा मोजायला सांगायला संकोच करू नका.

बाजार समितीत माल देत असाल तर भाव ठरण्याआधी तीन गोष्टी विचारा: भाव किती टक्के ओलाव्यावर आहे? माझ्या मालाचा ओलावा किती भरला? कपात किती आणि कशाची? वजन प्रमाणित काट्यावरच करा. भाव ठरल्यानंतर वजनातून वेगळा 'कडता' कापणं नियमात बसत नाही. काटापट्टी आणि हिशेबपट्टी हातात घेतल्याशिवाय निघू नका. तक्रार करायची असेल तर आधी बाजार समितीच्या सचिवांकडे, तिथे दाद मिळाली नाही तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी द्या.

वाळवायला वेळच नसेल तर?

दिवाळी तोंडावर आहे, मजुरांचे पैसे द्यायचेत, रब्बीची पेरणी अडलीय आणि आभाळ भरून आलंय. अशा वेळी वाळवा असं सांगणं सोपं, करणं अवघड. कधी कधी ओला माल विकणं हाच शहाणपणाचा निर्णय असतो. पण तेव्हाही सूत्र कामाला येतं. १६ टक्क्यांच्या मालाला पाण्यापुरती कपात किती बसते हे माहीत असलं, की समोरच्यानं सांगितलेल्या आकड्यावर निदान बोलता येतं. आणि सगळा माल एकदम विकायची गरज नसते. गरजेपुरता द्या, बाकीचा वाळवा.

माल वाळलेला आहे पण भाव पडलेले आहेत, अशी अडचण असेल तर राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. १९९० पासून सुरू असलेल्या या योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजानं मिळते. सोयाबीनसाठी मुदत सहा महिने. सगळ्याच बाजार समित्या ती राबवत नाहीत, त्यामुळे आपल्या समितीत चौकशी करा. आणि हो, तिथेही माल वाळलेला आणि स्वच्छच लागतो.

शहरात राहणाऱ्यांनी हे का वाचायचं?

कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरचं कुणीतरी अजून सोयाबीन पिकवतं. ओलाव्याच्या मशीनच्या खर्चात घरातले चार जण वाटा उचलू शकतात. आणि वरचं सूत्र घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायला तर काहीच लागत नाही.

मी ते मामांना पाठवलं. त्यानंतरच्या हंगामात त्यांनी माल नेण्याआधी गावातल्या गोदामात ओलावा मोजून घेतला. साडेतेरा आला. एक दिवस अजून वाळवला, मग नेला. व्यापाऱ्यानं दाणा दाताखाली धरला आणि सवयीनं म्हणाला, "ओला वाटतोय."

मामा म्हणाले, "मशीन लावा."